'आधी पासवर्डसमोरची खूण काढा' म्हणणाऱ्या ताईंना

मदतकक्षात दुपारच्या पाळीला असणाऱ्या ताई,

स. न. वि. वि.

फोनवर तुमचं नाव काकूंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून नुसतं 'ताई' म्हणतो. निवृत्तिवेतनाच्या पोर्टलवर अडकलेल्या ज्या बाईंना तुम्ही परवा फोनवरून सोडवलंत, त्या माझ्या काकू. मी वेबसाइटच्याच धंद्यात आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं काकूंनी वहीत उतरवून घेतलंय. ते वाचल्यावर हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. तुमच्या आधी ज्यांनी ज्यांनी हेच दुखणं पाहिलं त्यांच्यावरचा राग मधूनमधून डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या.

दुखणं तसं नेहमीचंच. ओटीपी टाकला की पान फिरून पुन्हा लॉगिनवर यायचं. कधी आत शिरलंच तर रंग, रकाने सगळं विस्कटलेलं आणि 'पुढे' बटण दाबलं तरी ढिम्म. यावर काकूंना मिळालेले सल्ले वहीच्या आधीच्या पानावर आहेत. एकाने 'सर्व्हर डाऊन, रात्री बारानंतर बघा' म्हटलं. दुसऱ्याने लॅपटॉप फॉरमॅट करायला आणून टाका म्हटलं, त्याचे पैसेही सांगून टाकले. तिसरा तुमच्याच मदतकक्षातला. तो म्हणाला, 'हिस्ट्री, कुकीज, कॅशे, जे जे दिसेल त्यावर टिक करा आणि उडवा,' आणि फोन ठेवला. वहीत ते वाक्य तसंच आहे आणि 'जे जे दिसेल' खाली रेघ आहे. काकूंना शंका आलेली दिसते.

तुम्ही सुरुवातच वेगळी केलीत. काही पुसायच्या आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबायला लावून इन्कॉग्निटो खिडकी उघडायला लावलीत आणि तोच पत्ता तिथे टाकून बघायला सांगितलंत. तिथे पोर्टल छान उघडलं. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीत 'सर्व्हर डाऊन' निकालात निघालं, कारण सर्व्हर खरंच झोपला असता तर तिथेही ५०२ किंवा ५०३ अशी सर्व्हर बंद असल्याची सूचनाच दिसली असती. इन्कॉग्निटोला जुन्या कुकीज दिसत नाहीत, साठवलेल्या फाइली दिसत नाहीत आणि एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, तेही सहसा बंद असतात. तिथे चालतं आणि इथे नाही, म्हणजे गोची या तीनांतच कुठेतरी. जाहिराती अडवणारं वगैरे काही टाकलंय का, हेही तुम्ही विचारून घेतलंत. काकूंच्या क्रोममध्ये तसलं काही नव्हतं, मग उरल्या दोनच गोष्टी.

वेब मुळात विसराळू. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की समोरचा सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही. म्हणून १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकीची सोय केली. सर्व्हर एक छोटी चिठ्ठी देतो, ब्राउझर ती सांभाळतो आणि दर खेपेला परत दाखवतो. भानगड होते ती पोर्टलची आवृत्ती बदलली की. जुनी कुकी एका पत्त्यासाठी किंवा मार्गासाठी दिलेली असते, नवी जरा वेगळ्यासाठी, आणि नाव मात्र दोघींचं एकच. ब्राउझर बिचारा दोन्ही पाठवतो. सर्व्हरने त्यातली जुनी वाचली की तो म्हणतो, तुम्ही कोण? चला लॉगिनला. ओटीपी बरोबर, माणूस बरोबर, तरी दारातच. पानं एकमेकांकडे ढकलत राहिली तर क्रोम शेवटी 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणून हात टेकतो आणि कुकीज पुसून बघा असं स्वतःच सुचवतो. इंग्रजीत असल्यामुळे ते कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

विस्कटलेल्या पानाचं कारण कॅशे. रंगरूपाची आणि बटणं हलवणारी फाइल दर वेळी नव्याने मागवायला नको म्हणून ब्राउझर ती जवळ ठेवतो. किती दिवस ठेवायची हे साइटच सांगते, आणि बरेच जण ३,१५,३६,००० सेकंद सांगतात, म्हणजे तब्बल वर्ष. त्यात चूक काहीच नाही, फक्त फाइल बदलली की तिचं नावही बदलायला हवं. पोर्टल बांधणाऱ्यांनी आतला मजकूर बदलला आणि नाव जुनंच ठेवलं. मग पान आलं नवीन, त्याला हलवायला बसली जुनी फाइल. ती ज्या बटणाला शोधतेय ते बटण नव्या पानात नाहीच, तर दाबून होणार काय? नावापुढे एक आकडा वाढवला असता तर तुमच्या मदतकक्षाचे निम्मे फोन आलेच नसते. हे त्यांना कुणीतरी सांगा.

आता ज्यासाठी हे पत्र, त्याकडे येतो.

तुम्ही काकूंना कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबायला सांगितलंत. ब्राउझरने साठवलेलं पुसायची चौकट उघडली. काकूंनी आधीच्या महाशयांच्या सूचनेबरहुकूम 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन झाडून सगळ्या रकान्यांत खुणा केल्या आणि 'केलं सगळं सिलेक्ट, दाबू का?' असं विचारलं. दुसरं कुणी 'दाबा' म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, 'थांबा. माउसवरून हात काढा. आता कुठल्या कुठल्या ओळीसमोर खूण आहे ते मला वरून खाली वाचून दाखवा.' काकूंनी एकेक अक्षर लावत वाचलं. 'पासवर्ड्स' आल्यावर तुम्ही म्हणालात, 'ती आधी काढा. काढलीत? पुन्हा वाचा.' आणि काकूंनी पुन्हा वाचेपर्यंत तुम्ही फोन धरून थांबलात.

ही खूण राहिली असती तर काय झालं असतं ते काकूंना माहीत नव्हतं, मला माहीत आहे. वीजबिल, गॅस, ईमेल, भाचीने उघडून दिलेली खाती, सगळ्यांचे पासवर्ड त्या क्रोममध्ये. कागदावर एकही नाही. शिवाय त्यांच्या फोनवरही तेच गुगल खातं, सिंक चालू. म्हणजे लॅपटॉपवर पुसलेले पासवर्ड खात्यातून आणि फोनवरूनही गेले असते. एक पोर्टल उघडायला बाकी सगळी दारं बंद. आणि तिसऱ्या महाशयांच्या दफ्तरी मात्र 'तक्रार निकाली' अशी नोंद झाली असती!

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. कुकीजची खूणही काढायला लावलीत आणि फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' ठेवलीत. का, ते वहीत तुमच्याच शब्दांत आहे: 'ती सगळ्यांची काढली तर बाकीच्या साइट्सचं पण लॉगिन जाईल.' साठवलेल्या फाइली पुसून काहीच जात नाही, पहिल्या खेपेला पानं जरा हळू उघडतात एवढंच. कुकीज मात्र तुम्ही पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन त्या एका पोर्टलच्याच काढून घेतल्यात. आणि तिथेही 'कुलूप शोधू नका, दोन छोट्या पट्ट्यांसारखं चिन्ह दिसेल' असं सांगितलंत. क्रोमने २०२३ मध्ये कुलूप काढून ते चिन्ह आणलं, पण मदतीच्या छापील पत्रकांत अजून कुलूपच आहे आणि लोक ते शोधत बसतात.

वरच्या 'टाइम रेंज' कडेही तुमचं लक्ष होतं. तिथे बहुतेक वेळा शेवटचा तास किंवा त्याहून कमी निवडलेला असतो. ते न बदलता बटण दाबलं की तेवढ्या वेळात आलेल्या फाइली जातात आणि महिन्यापूर्वीची बिघडलेली फाइल जागच्या जागी. 'कॅशे साफ केला, काही उपयोग नाही' म्हणणारे पुष्कळदा इथेच फसलेले असतात. तुम्ही 'ऑल टाइम' करून घेतलंत. मग पोर्टलचे उघडे टॅब सगळे बंद करायला लावलेत. हे तर जाणकारही विसरतात. काही साइट्स पडद्यामागे स्वतःचा एक छोटा प्रोग्राम बसवून ठेवतात आणि त्याची नवी आवृत्ती आली तरी एक जरी जुना टॅब उघडा असला की जुनीच काम करत राहते.

हे सगळं शिकवून येत असेलही. पण समोरचा पडदा दिसत नसताना, पलीकडे चष्मा शोधणारी बाई असताना, रांगेत आणखी फोन वाजत असताना 'पुन्हा वाचा' म्हणणं शिकवून येत नाही. आपल्याकडे मदत करणाऱ्याला बहुधा स्वतःची सुटका करून घ्यायची घाई असते. माणसाचं काम झालं का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आपल्या सांगण्याने समोरच्याचं काय जाईल याचा आधी विचार करणारी माणसं बँकेच्या खिडकीत, रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या केसपेपरवर कुठेही भेटली की दिवस बरा जातो. तुम्ही त्यातल्या. काकू म्हणाल्या, 'मुलगी एकदाही चिडली नाही गं बाई.' त्यांच्या तोंडून हे प्रमाणपत्र सहजी निघत नाही, आम्ही घरचे साक्षीदार आहोत.

एक विनंती. तुमच्याकडे फोनवर वाचून दाखवायचा जो ठरलेला मजकूर असेल, त्यात 'पासवर्ड आणि ऑटोफिलसमोरची (फॉर्ममध्ये आपोआप भरायला साठवलेल्या माहितीसमोरची) खूण काढली का?' हा प्रश्न घालून घ्या. शक्य झाल्यास फोनवाल्यांसाठीही एक ओळ घाला: अँड्रॉइडवर क्रोमच्याच तीन ठिपक्यांतून जाऊन पुसा. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या स्टोरेजपाशी सगळा डेटा उडवणारं बटण असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. मजकूर हवा असेल तर मी मराठीत लिहून देतो, फुकट. तिसऱ्या महाशयांना मात्र पहिली प्रत द्या.

काकूंचा अर्ज त्याच दुपारी गेला, पोचपावतीही आली. त्यांना तुम्हाला कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवायची आहे आणि कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवली तर चालेल का, असं त्या विचारताहेत. नियमात बसत नसेल तर तसं कळवा, बरणी माझ्याकडे आहेच.

आपला,
काकूंचा पुतण्या