या पॉपीला लाड नकोत

संपादक महोदय,

आपल्या बागकामाच्या सदरात कॅलिफोर्निया पॉपीबद्दल वाचून आनंद झाला. मात्र ‘ट्रेमध्ये रोपे करून मग वाफ्यात हलवा आणि दर पंधरवड्याला खत द्या’ हा सल्ला पटला नाही. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी फार वाकायला न लावणारीच फुलझाडे ठेवली आहेत, आणि त्यांत हिचा नंबर पहिला.

हिचे सोटमूळ सरळ खाली जाते. ते दुखावले की रोप मान टाकते. म्हणून थंडीची चाहूल लागली की जिथे फुले हवीत तिथेच बी भुरभुरावे आणि वर मातीचा जेमतेम थर द्यावा. रोपे दाटली तर वीतभर अंतर ठेवून विरळणी करावी. हलकी, रेताड जमीन आणि भरपूर ऊन असले की झाले. पाणी साचू देऊ नये. आणि खत? खत दिले की पाने माजतात, फुले कमी येतात!

खरी मजा कळीत आहे. तिची दोन निदले, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची पाने, जुळून टोकदार हिरवी टोपी झालेली असते. आत गुंडाळलेल्या चार पाकळ्या फुगू लागल्या की ही टोपी देठापासून सुटते, वर ढकलली जाते, थोडा वेळ पाकळ्यांच्या टोकावर तिरकी अडकून राहते आणि गळून पडते. मी हे पाहत कितीतरी वेळ खुर्ची टाकून बसते. संध्याकाळी किंवा आभाळ आले की फूल मिटते. ते रोगाने मिटले समजून औषध फवारणारेही मी पाहिले आहेत.

पॉपी म्हटले की अफूची शंका येतेच. कुळ एकच, पण ही वेगळी. हिच्यात मॉर्फीन नसते, आणि अफूसारखी गोल बोंडेही येत नाहीत. येतात लांब, बारीक शेंगा. कॅलिफोर्नियाने १९०३ मध्ये हिला राज्यफुलाचा मान दिला.

शेंग वाळली की तडकन फुटते आणि बी दूर उडते, त्यामुळे पुढच्या हंगामात रोपे आपोआप उगवतात. बी जपायचे असेल तर शेंग तपकिरी होऊ लागताच कागदी पिशवीत काढून घ्यावी. गुलाबी, मलईदार, लाल अशी मिश्र रंगांची झाडे आपणच बी टाकत राहिली की काही वर्षांत बहुतेक नारिंगी होतात. मला तोच रंग आवडतो, पण इतर रंग हवे असतील त्यांनी अधूनमधून ताजे बी आणावे.

पुढील हंगामाआधी सदरात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक