कारण हवे की माहात्म्य?

महोदय,

वाचनालयांची सभासदसंख्या घटत असल्याबद्दल वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून लिहिले जाते, आणि त्यावर उपाय म्हणून नवी पुस्तके, अभ्यासिका आणि संगणक यांची मागणी होते. या मागण्यांबद्दल माझे दुमत नाही. मात्र देवघेवीच्या टेबलामागे बसलेला कर्मचारी वाचकाला पुस्तक सुचवू शकतो आणि चौकस वाचक बहुधा त्याच्याच भरवशावर वाचनालयात पुन्हा येतो, ही गोष्ट या चर्चेत कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वीच्या धोंड्याच्या महिन्यातली गोष्ट आहे. जावयाला द्यायचे तेहतीस अनारसे ताटात मांडले जात असताना नातवाने विचारले, ‘हा जास्तीचा महिना येतो कुठून?’ घरातल्या कोणालाच नीट सांगता येईना, तेव्हा मी आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात गेलो आणि ‘ज्योतिष’ अशी पट्टी लावलेल्या कपाटापुढे उभा राहिलो. तिथे राशिभविष्य, हस्तसामुद्रिक आणि मुहूर्तांची पुस्तके होती. माझी शोधाशोध पाहून देवघेव सांभाळणारे काका उठून आले आणि त्यांनी एकच प्रश्न केला, ‘कारण हवे की माहात्म्य?’ कारण हवे म्हटल्यावर त्यांनी आधी विश्वकोशातली ‘पंचांग’ ही नोंद वाचायला बसवले आणि मग त्याच कपाटातून, राशिभविष्यांच्या मधून, शं. बा. दीक्षित यांचा १८९६ सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास ओढून काढला. ग्रंथ जाडजूड आहे, पाहूनच छाती दडपावी असा. काकांनी अधिक मासाच्या पानांत कागदाची पट्टी घातली आणि म्हणाले, ‘एवढेच वाचा, बाकीचे वाटले तर पुढच्या खेपेला.’ चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे, दर वर्षी पडणारे हे अकरा दिवसांचे अंतर तीन वर्षांच्या आत महिनाभराचे होते आणि तो महिना मोजणीत घालावा लागतो, हे त्या रात्री मला नातवाला सांगता आले.

दीक्षितांचा ग्रंथ भविष्यांच्या कपाटात गेला तो ज्याने पट्टी लावली त्याच्या चुकीने. पण कपाट बरोबर असते, तरी खगोलाच्या पुस्तकांपुढे उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्याला हाच ग्रंथ घ्यावा आणि त्यातली एवढीच पाने वाचावीत, हे कोणी सांगितले असते? वर्गीकरणाला पुस्तकाचा विषय कळतो. वाचकाच्या मनातला प्रश्न समजून घ्यायला मात्र समोर माणूसच लागतो. त्र्यं. ना. आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) समाजशास्त्रात लावलेले असते, आणि आपल्या आजोबांना बलुते म्हणून नेमके काय मिळत असे हे शोधणारा तरुण इतिहासाची कपाटे धुंडाळून रिकाम्या हाताने परत जातो.

जाणत्या कर्मचाऱ्याची शिफारस पुस्तकाच्या नावापाशी थांबत नाही. झाशीवरचा चित्रपट पाहून आलेल्या महाविद्यालयीन मुलीने ‘तेव्हा तिथे हजर असलेल्या कोणी लिहिले आहे का,’ असे विचारल्यावर वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ काढून देणे तुलनेने सोपे आहे. पण १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलेल्या आवृत्तीत त्यांनी मजकुरावर हात फिरवलेला आहे आणि मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची आहे, तेव्हा दोन्ही प्रती असतील तर दुसरी न्यावी, असे तिला सांगणारा ग्रंथपाल तिचे काही महिने वाचवतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे तत्त्व डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत घातले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात आणि चहापान होते. काकांसारख्यांना मात्र ‘यंदा तुम्ही काय वाचलेत’ असे कोणी विचारल्याचे मी पाहिलेले नाही.

ते काका निवृत्त झाले. आता त्यांच्या जागी बसणारी मुलगी हुशार आहे, परंतु नोंदी संगणकावर चढवणे, वर्गणीच्या पावत्या फाडणे आणि तपासणीची तयारी करणे यांतून तिला मान वर करायला फुरसत मिळत नाही. दुपारी वाचक नसताना ती पुस्तक उघडून बसली होती, म्हणून कार्यकारिणीच्या एका सदस्याने तिला ‘काम नाही का?’ असे सुनावले. हा प्रसंग माझ्या समोर घडला. हलवायाने मिठाई चाखायची नाही, असाच हा हुकूम झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, आणि त्याखालील अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळते. तपासणीत ग्रंथसंख्या, सभासद आणि नियतकालिके मोजली जातात, पण कर्मचाऱ्याने कोणाला काय सुचवले हे पाहण्यासाठी रकाना नाही. ग्रंथालय सेवकांचे वेतन तुटपुंजे आहे, हे सर्वांनाच ठाऊक आहे. तो प्रश्न मोठा असून एका पत्रात मावणारा नाही.

पैसे न लागणारी एक गोष्ट मात्र कार्यकारिण्यांना उद्यापासून करता येईल. दारातून आत येताच दिसेल असा एक कप्पा रिकामा करून तो कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करावा. त्यात नव्या खरेदीची पुस्तके ठेवू नयेत, कारण त्यांची जाहिरात प्रकाशक करतातच. मागची पाच-दहा वर्षे ज्यांच्यावर देवघेवीचा शिक्का पडलेला नाही, अशी आत दडलेली पुस्तके त्यात यावीत. प्रत्येक पुस्तकात कर्मचाऱ्याच्या हस्ताक्षरातली दोन ओळींची चिठ्ठी असावी, आणि ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ असले शब्द त्यात मुळीच नसावेत. हे पुस्तक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कुठून वाचायला घ्यावे, एवढेच त्यात लिहावे. जुन्या वाचनालयांत अजून वाचकाला कपाटांपर्यंत जाता येत नाही, क्रमांक लिहून चिठ्ठी आत द्यावी लागते. तिथे तर अशा कप्प्याची गरज अधिकच आहे.

कर्मचारी आपली आवड वाचकांवर लादतील, अशी शंका आमच्याकडे एका ज्येष्ठ सभासदाने बोलून दाखवली. लादतील थोडी, पण चिठ्ठीखाली नाव असले की कोणाची आवड आपल्याला मानवते हे वाचक महिन्या-दोन महिन्यांत ओळखतो. मागच्या पुस्तकासारखेच पुढचे पुस्तक दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या यादीबाबत असे काही ओळखता येत नाही, आणि तिला ‘कारण हवे की माहात्म्य’ असा उलट प्रश्नही सुचत नाही.

यासोबत टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवावी. वाचकांनी विचारलेले आणि पुस्तक न सापडल्यामुळे अनुत्तरित राहिलेले प्रश्न तिच्यात तारीखवार उतरवून घ्यावेत, आणि पुढची ग्रंथखरेदी ठरवायला समिती बसेल तेव्हा प्रकाशकांच्या याद्या उघडण्याआधी ती वही वाचली जावी. आमच्या वाचनालयाला मी अशी वही नेऊन दिली आहे. तिच्यातला पहिला प्रश्न माझ्या नातवाचा आहे : पौष महिना अधिक का येत नाही?

— एक आजीव सभासद, सातारा जिल्हा