काटकसर शाळेपासूनच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेचे अंदाजपत्रक तयार होण्याचे दिवस आले की कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची आणि शिक्षणावरील खर्चाला कात्री लावण्याची चर्चा आपल्या कोल्हापूर शहरात ठरल्याप्रमाणे सुरू होते. बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत नोकरी करून, त्यातली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढून मी निवृत्त झाले. त्या खुर्चीतून ही कात्री कशी दिसते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पैशाची अडचण खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हाही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला आणि आता राज्याकडून भरपाईपोटी येणाऱ्या रकमेकडे महापालिकेला डोळे लावून बसावे लागते. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण त्यानंतर हद्द वाढली नाही (या विषयावर कोल्हापुरात इतके बोलून झाले आहे की मी भर घालत नाही). परिणामी शहराला लागून उभ्या राहिलेल्या वसाहतींचा घरफाळा तिजोरीत येत नाही. शिवाय महापालिका शाळांतील शिक्षकांच्या वेतनाचा निम्मा भार राज्य उचलते आणि निम्मा महापालिकेलाच पेलावा लागतो.

वेतन थांबवता येत नाही. म्हणून कपात होते ती उरलेल्या किरकोळ रकमेत, आणि शाळा चालते ती नेमकी त्याच रकमेवर. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजार रुपये असे ठरलेले आहे. माझ्या शाळेचा पट ९६ होता, म्हणजे पाच मुले कमी पडली म्हणून अनुदान निम्मे. महिन्याला जेमतेम दोन हजार रुपयांत वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, फिनेल आणि गळके नळ हे सारे बसवायचे, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखून ठेवायचा. तेही पैसे हातात पडत ते बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. जूनमधला खडू मार्चच्या पैशांतून कसा आणायचा, हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते. तो आम्ही आपापल्या पर्समधून आणला.

एका वर्षी पावसाच्या तोंडाला कौले फुटली आणि दुसरीचा वर्ग दोन महिने व्हरांड्यात भरला. दुरुस्तीचा प्रस्ताव ‘तरतूद नाही’ या शेऱ्यासह परत आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या वर्गातली सात मुले दाखले काढून जवळच्या खासगी शाळेत गेली. पालकांना मी काय बोलणार? पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, एक शिक्षक कमी झाला, दोन वर्ग एकाच बाईंकडे आले, ते पाहून आणखी काही पालक दाखल्यासाठी माझ्यापुढे उभे राहिले. वाचलेला खर्च काही हजारांचा होता. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला की शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये, अशी तरतूद केली. पट कमी झाला म्हणून खर्च कमी करायचा, हे कागदावर बरोबर दिसते. पण खर्च कमी केल्यामुळे किती पट गेला, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

याच शहरात, महापालिकेच्याच जरगनगरातील शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांग लावतात. लोकांना महापालिकेची शाळा नको आहे, असे म्हणणाऱ्यांनी ती रांग एकदा पाहून यावी.

शासन हात आखडता घेते तेव्हा ‘लोकसहभाग’ हा शब्द हमखास पुढे येतो. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातील अंडी आणि साखरेसाठीचा निधी राज्याने बंद केला आणि ती सोय लोकसहभागातून करावी, असे सुचवले. ज्या वस्तीतली मुले आमच्याकडे येतात, तिथल्या आईबापांनी दर आठवड्याला अंड्यांची वर्गणी काढावी, ही अपेक्षा करणाऱ्याने ती वस्ती पाहिलेली नसावी. आणि लोकसहभाग आजही आहेच. घरफाळ्याचे बिल काढून पाहावे. त्यात शिक्षण कर नावाची ओळ असते. तो कर महापालिका गोळा करते, पण जमा करते राज्याच्या तिजोरीत. माझ्या गल्लीतल्या शाळेची कौले त्या पैशांतून बदलतील, असा माझा अनेक वर्षे समज होता.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे आपण प्रत्येक समारंभात सांगतो. त्यांच्या नगरीत निदान कायद्याप्रमाणे तरी व्हावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि शासनाने अथवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वरून आकडा येतो आणि त्यात बसेल असा आराखडा आम्ही लिहून देतो. मी स्वतः असे नऊ आराखडे लिहिले आहेत, याची लाज वाटते.

तेव्हा प्रशासनाला विनंती एवढीच, की कोणतीही शाळा दुसरीत विलीन करण्यापूर्वी तिच्या समितीने गेल्या पाच वर्षांत काय मागितले, त्यातले काय मिळाले आणि कोणत्या महिन्यात मिळाले, हे त्याच शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावे आणि पालकसभा होईपर्यंत ते पुसू नये.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर