थांबवण्याची सही कोणाकडे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एआय कंपन्यांत आलेल्या गुंतवणुकीच्या बातम्या आपण अर्थविषयक पानावर छापता आणि एआयच्या धोक्यांच्या बातम्या विज्ञानाच्या पानावर. मी दोन्ही पानं वाचते. ज्या कामात माझी सगळी नोकरी झाली, त्या कामावरून सांगते, या दोन वेगळ्या बातम्या नाहीत. म्हणून हे पत्र.

मी २२ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. त्यातली शेवटची ९ वर्षं इन्फ्युजन पंपांच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे रुग्णाच्या शिरेतून ठरलेल्या वेगानं औषध सोडणाऱ्या यंत्रांवर. एका रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर ग्राहकाला देण्याच्या, चार दिवस आधी मला एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सापडला. डोसचा आकडा भरून तो लगेच, पटापट बदलला तर कधी कधी स्क्रीनवर नवा आकडा दिसायचा आणि पंप मात्र जुन्याच वेगानं चालायचा. मी ४० वेळा करून पाहिलं, ३ वेळा तसं झालं. गो-नो-गो मीटिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर सोडायचं की थांबवायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत, प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, ‘‘३७ वेळा बरोबर चालतंय ना? मग हे पुढच्या पॅचमध्ये, पुढच्या दुरुस्तीत, घेऊ.’’ ग्राहकाला तारीख कळवून झाली होती. तिमाहीची विक्री त्या तारखेवर अवलंबून होती, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाचा बोनसही. माझासुद्धा. सॉफ्टवेअर सोडायला हरकत नाही, अशी मी सही केली.

पॅच पाच आठवड्यांनी गेला. तोवर ऑफिसातला फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. कोणाला इजा झाली नाही, ते निव्वळ नशीब. त्या खोलीत कोणी दुष्ट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. तेच मॅनेजर एरवी टेस्टिंगला जास्त दिवस मिळावेत म्हणून वरिष्ठांशी भांडायचे.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला ‘थेरॅक-२५’ शिकवलं होतं. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली. किमान तिघे दगावले. तंत्रज्ञानं भरलेली माहिती झटपट दुरुस्त केली की सॉफ्टवेअरमध्ये गोंधळ व्हायचा, हे त्यातलं एक कारण. यंत्राच्या आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा रोखणारे यांत्रिक अडसर होते. सॉफ्टवेअर सांभाळेल म्हणून नव्या मॉडेलमधून ते काढून टाकले होते. हॉस्पिटलांनी विचारणा केली तेव्हा, जास्त मात्रा जाणं शक्यच नाही, असं उत्तर बनवणाऱ्या कंपनीनं दिलं होतं. मला सापडलेला बग त्याच जातकुळीतला होता. तरी मी सही केली, कारण ‘नाही’ म्हणायला लागणारं बळ माझ्या खुर्चीत नव्हतं.

एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयच्या बाबतीत जे झालं ते वाचताना मला ती मीटिंग आठवली. कंपनीनं चॅटजीपीटीच्या मॉडेलमध्ये, म्हणजे त्यामागच्या एआय प्रणालीत, एक बदल सोडला आणि ते वापरणाऱ्याची हांजी हांजी करू लागलं. माणसाच्या मनातल्या शंकांना दुजोरा, रागाला खतपाणी, उतावळ्या निर्णयांना शाबासकी. काही दिवसांतच तो बदल मागे घ्यावा लागला. त्यानंतर कंपनीनं स्वतःच सविस्तर खुलासा केला, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण खुलाशात होतं काय? काही अनुभवी परीक्षकांनी आधीच सांगितलं होतं की मॉडेलचं वागणं जरा विचित्र वाटतंय. दुसरीकडे आकडे चांगले होते, ज्यांना बदल वापरायला दिला त्यांना तो आवडला होता. कंपनीनं आकड्यांचं ऐकलं, आणि तो निर्णय चुकला असंही पुढे मान्य केलं.

पंपापेक्षा इथली अडचण मोठी आहे. पंपाच्या प्रत्येक टेस्ट केसला ‘अपेक्षित उत्तर’ असा एक रकाना असतो: इतका आकडा भरला तर इतका वेग. मॉडेलच्या बाबतीत तो रकाना बहुतेक वेळा भरता येत नाही. एकच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात, आणि लोक काय काय विचारतील याला अंत नाही. अशा ठिकाणी अनुभवी माणसाचं ‘काहीतरी खटकतंय’ हीच पहिली सूचना असते. ती आकड्यात मांडता येत नाही म्हणून मीटिंगमध्ये हरते.

नफा वाईट असं मी म्हणत नाही. माझा पगार नफ्यातूनच आला. हे मॉडेल घडवायला लागणारी यंत्रणा अफाट खर्चाची आहे, तो पैसा कुठून तरी यायलाच हवा. पण पैसा आला की तारीख येते, हे मी पाहिलेलं आहे. ओपनएआय २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली. २०१९ मध्ये तिनं मर्यादित नफ्याची उपकंपनी काढली. पहिल्या गुंतवणूकदारांसाठी ती मर्यादा होती गुंतवणुकीच्या १०० पट. जुलै २०२३ मध्ये तिनं भविष्यातल्या अतिशक्तिमान प्रणाली काबूत ठेवण्याच्या संशोधनासाठी खास गट नेमला आणि तोवर मिळवलेल्या संगणकीय क्षमतेचा २० टक्के भाग त्या कामाला देऊ केला. मे २०२४ मध्ये तो गट मोडला. बाहेर पडताना गटाच्या दोन प्रमुखांपैकी एक, यान लायके, यांनी जाहीरपणे लिहिलं की चकचकीत उत्पादनांपुढे सुरक्षेचं काम मागे पडलं आहे. त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. नोकरी सोडताना कंपनीविरुद्ध न बोलण्याच्या करारावर सही केली नाही, तर कमावलेला समभागांचा हिस्सा गमावण्याची वेळ येईल, अशी कलमं कागदपत्रांत होती. बोभाटा झाल्यावर कंपनीनं ती मागे घेतली. मी टेस्टर असल्यानं मला ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा जास्त लागली.

कायदे येत आहेत, हे चांगलंच आहे. युरोपीय संघाचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना आपला सुरक्षा-आराखडा जाहीर करणं, गंभीर घटना कळवणं बंधनकारक केलं, आणि धोक्याची सूचना देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण दिलं. ते संरक्षण मला फार मोलाचं वाटतं. पण त्यातली दंडाची रक्कम पाहा. एका उल्लंघनाला जास्तीत जास्त १० लाख डॉलर; आणि कायद्याच्या लेखी मोठी कंपनी म्हणजे वर्षाला ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त महसूल असणारी. म्हणजे सगळ्यात लहान ‘मोठ्या’ कंपनीलाही तो दंड महसुलाच्या पाचशेव्या हिश्शाहून कमी. इतका दंड तर रिलीजच्या बजेटमध्ये आधीच धरून ठेवता येईल. आणि आराखडा लिहिणार कोण? कंपनीच.

माझं मागणं एवढंच आहे. मॉडेल सोडण्याआधी ते थांबवण्याचा अधिकार अशा माणसाकडे असावा, ज्याचा पगार, बोनस आणि समभाग त्या रिलीजच्या तारखेशी बांधलेले नाहीत. तो बाहेरचा असावा, त्याला आतलं सगळं पाहता यावं, आणि त्यानं ‘थांबा’ म्हटल्यावर का म्हटलं ते लोकांना कळावं. ‘आपण थांबलो तर दुसरा पुढे जाईल’ हे उत्तर मी पंपांच्या वेळीही ऐकलं आहे. म्हणून तर ही सही सगळ्यांनाच सारखी लागू हवी. एकट्या सज्जन कंपनीवर तिचा भार टाकून चालणार नाही.

आपल्याला एक विनंती. यापुढे एखाद्या नव्या मॉडेलची बातमी छापताना ते किती वेगवान, किती हुशार, यासोबत एक ओळ द्यावी: त्याची सुरक्षा-चाचणी कोणी घेतली, त्यांना किती दिवस मिळाले, आणि ते थांबवण्याचा अधिकार त्यांना होता का. कंपनीनं उत्तर दिलं नाही, तर तेही छापावं.

आपली नम्र,
एक निवृत्त सॉफ्टवेअर टेस्टर