लाल पेनाने खोडलेल्या पाच गावांबद्दल, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणत आत निघून जाता. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर एक अंगठा टाकून मोकळ्या झाला असता. इथे निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल.

गेल्या वर्षी गणपतीत मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात चार पानी एक्सेल होतं आणि डोक्यात हवा होती. आई-बाबांचा पहिला परदेश प्रवास, व्हिएतनाम, बारा रात्री, दहा ठिकाणं: हनोई, सापा, हा लाँग, निन्ह बिन्ह, ह्वे, दा नांग, होई आन, दा लात, हो ची मिन्ह सिटी आणि शेवटी दमलोच तर फू क्वोक बेट. तेही दिवाळीच्या सुट्टीत. तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत आणि एकच प्रश्न विचारलात: "आईचे गुडघे कसे आहेत?"

मग कालनिर्णयाचं जुनं पान उलटं करून तुम्ही माझ्याकडूनच हिशेब मांडून घेतलात. दा लातचं विमान तासाभराचं, असं मी म्हटलं. "दारातून दारात किती?" सामान भरणं, हॉटेल सोडणं, टॅक्सी, विमानतळावर दोन तास आधी, उतरल्यावर बॅगा, परत टॅक्सी, आणि खोली दोनच्या आत मिळत नाही. बेरीज सात तासांवर गेली. "म्हणजे दिवस गेला. दिवस मोजू नकोस, रात्री मोज. एक रात्र राहिलीस तर त्या गावात फक्त झोपलीस." भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या तरी लाल पेन निवृत्त होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सापा गेलं, दा लात गेलं, फू क्वोक गेलं. दा नांगला मुक्काम नाही, नुसतं उतरायचं. हा लाँगवर पेन आलं तेव्हा मी हात आडवा घातला. त्याचं पुढे सांगते.

दिवाळीचा बेत तर तुम्ही उभाच राहू दिला नाहीत. "कोकणपट्टी डोळ्यासमोर आण. तसाच लांबडा, चिंचोळा देश, एके ठिकाणी तर रुंदी जेमतेम पन्नास किलोमीटर. पण हवा एक नाही, तीन." ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या पट्ट्यात पाऊस कोसळतो, होई आनच्या गल्ल्यांत कधी कधी होड्या चालवायची वेळ येते. फेब्रुवारीअखेर ते मार्च हाच काळ तिन्ही भागांना त्यातल्या त्यात बरा, आणि तोही त्यांचं नवीन वर्ष, तेत, उरकल्यानंतर; तेतमध्ये दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या. हे सगळं मी वाचलं नव्हतं असं नाही. पण वाचणं वेगळं आणि कोणीतरी समोर बसून "नाही" म्हणणं वेगळं.

व्हिसाच्या वेळी तर तुम्ही माझे पैसेच वाचवलेत. ई-व्हिसाचा अर्ज सोपा, माणशी पंचवीस डॉलर, भरले की परत नाहीत. मी बाबांचं नाव आणि आडनाव टाकून पुढे निघाले होते. तुम्ही पासपोर्ट मागितलात आणि बोट ठेवलंत: त्यात नावापुढे आजोबांचंही नाव आहे, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे. "पासपोर्टात जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर." आजोबा विदर्भाबाहेरसुद्धा कधी गेले नाहीत, पण त्यांच्या नावावाचून त्यांचा मुलगा हनोईत शिरू शकला नसता.

आता हा लाँग. तुम्ही हनोईला तीन रात्री दिल्या होत्या, त्यातली एक मी चोरून तिकडच्या बोटीला दिली. उपसागरातले ते हजाराहून जास्त चुनखडीचे सुळके पाहिल्याशिवाय परत कसं यायचं? बोट वेळेवर सुटली, जेवण चांगलं होतं, माणसं प्रेमळ होती. आणि धुकं. संध्याकाळी धुकं, सकाळी धुकं, मध्ये रिमझिम. आई ब्लँकेट गुंडाळून डेकवर बसली आणि तासाभराने म्हणाली, "माळशेज घाटात जुलैत हेच दिसतं. आणि भजीपण मिळते." तुमच्या खोडण्यामागे कारण होतं, हे लेखी कबूल करते. फेब्रुवारीत तिथे असंच असतं, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्याच सुळक्यांची भावंडं निन्ह बिन्हला भातखाचरांतून उभी असतात, ती मात्र पोटभर पाहिली. दोन रात्री होत्या, त्यामुळे एक सकाळ पावसात गेली तरी दुसरी हातात होती. तुमच्या गणिताचा अर्थ तिथे लागला.

बाबांचं सांगते. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्याला दुसऱ्याच्या गाडीत झोप लागत नाही. निन्ह बिन्हहून ह्वेला जाताना रात्रभर वरच्या बर्थवर जागे. पण दोन दिवसांनी ह्वेहून दा नांगला निघालो तेव्हा तुम्ही चिठ्ठीत लिहून दिलेलं मी पाळलं: "दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी." जवळजवळ तीन तासांचा रेल्वेप्रवास. मधे हाय व्हान घाट येतो. मोठी वाहनं आता बोगद्यातून जातात, रेल्वे मात्र अजून डोंगराच्या कडेकडेने, समुद्र खाली ठेवून वळत जाते. बाबा कपाळ काचेला टेकवून बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय हलत होता, ब्रेकवर असावा तसा. मी फोटो काढला नाही. आईने मला डोळ्यांनीच सांगितलं, नको.

होई आनच्या तारखा तुम्ही कालनिर्णयावरून लावल्यात, हे मी ज्याला त्याला सांगते आणि कोणी विश्वास ठेवत नाही. त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात, कंदील लावतात, नदीत कागदाचे दिवे सोडतात. चौदावी म्हणजे आपली चतुर्दशी, इतकं सरळ! होळीच्या सुमारासची ती रात्र होती. आईने एक दिवा सोडला आणि "त्रिपुरी पौर्णिमाच की" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे तिथल्या कित्येक लोकांचा शाकाहाराचा दिवस, त्यामुळे आईच्या जेवणाची चंगळ. एरवी माशाच्या सॉसने तिला छळलं, भाजीच्या सूपमध्येसुद्धा तो असतो. तुम्ही शिकवलेलं "तोइ आन चाय", मी शाकाहारी आहे, हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की घरी आल्यावर चहाला कोणी चाय म्हटलं तरी ती हसते. पहिल्या दिवशी 'चाय'ची पाटी बघून आम्ही चहाच मागितला होता, ते जाऊ द्या.

'मी सन' नावाच्या जागची शिवमंदिरं पाहायला तुम्ही उजाडताच जायला सांगितलंत. मध्य व्हिएतनामवर एकेकाळी राज्य करणाऱ्या चाम राजांची विटांची देवळं, सगळ्यात जुनी परंपरा चौथ्या शतकातल्या भद्रवर्म्याची, संस्कृत शिलालेख, आणि 1969 च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात ढासळलेले भाग. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली आहे, 2020 मध्ये त्यांच्याच कामात अखंड दगडाचं शिवलिंग निघालं. हे सगळं मी आईला वाचून दाखवत होते आणि ती ऐकतच नव्हती. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. पूजा नाही, दिवा नाही, काही नाही. पहारेकरी बघत राहिला, बोलला नाही.

नोटांचं राहिलं. वीस हजार डाँगची नोट निळी, पाच लाखांची पण निळी, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा म्हणालात. बाबांनी एकाच खिशात ठेवल्या आणि सायगॉनमध्ये, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, शहाळ्यासाठी पाच लाखांची पुढे केली. शहाळेवालीने ती त्यांच्या खिशात परत कोंबली आणि बोटाने दुसरी दाखवली. बाबा तिला वाकून "थँक्यू ताई" म्हणाले.

तुमचा तो कागद परत मिळणार नाही. आईने देवघराखालच्या खणात ठेवलाय, पासपोर्टांसोबत. तुमच्यासाठी तिथली कॉफीची गाळणी आणलीय, पत्र्याची, कपावर बसते ती. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं येतो. मिल्कमेडचा डबा मी आणते, तुम्ही फक्त पाणी उकळा. आणि बाबांना विचारायचंय, की उलटं, दक्षिणेकडून उत्तरेकडे आलं तर खिडकी कुठली धरायची. मी सांगितलं उजवी, पण त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची