अस्थिरोपणानंतरच्या ब्रेसचे काय?

संपादक महोदय,

नडगीच्या हाडात जन्मजात दोष असलेल्या बालकावर पुण्यात अस्थिरोपण झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. डॉक्टरांचे कौतुक योग्यच. पण ‘आता पाय कायमचा बरा’ हा तिचा सूर पटला नाही. या शस्त्रक्रियेत रोगट भाग काढून तिथे बहुधा कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात, आत सळई घालतात, काही वेळा हाड स्थिर ठेवायला पायाभोवती बाहेरून इलिझारोव्हच्या (धातूच्या) कड्याही लावतात. इतके करून हाड सांधले, तरी वाढ पुरी होईपर्यंत ते पुन्हा मोडण्याची भीती असते. म्हणून ब्रेस, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारा पट्ट्यांचा साचा, लागतो. मूल उंच होते तसा तो आखूड पडतो, पट्टे काचतात, मूल रडते. मग घरचे तो माळ्यावर टाकतात. नव्याचा खर्च अनेकांना झेपत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आरोग्य तपासणी व उपचारांसाठी राबवला जातो. शस्त्रक्रियेसाठी मदत देणाऱ्या योजनांनी निदान त्याच वयापर्यंत ब्रेस बदलून द्यावा. आणि आपल्या बातमीदाराने (आगाऊपणाबद्दल क्षमस्व) दोन वर्षांनी त्या मुलाची पुन्हा विचारपूस करावी.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे