लिस्बनला निघण्याआधी

पणजी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

व्हिसा आल्याचं दादाने कळवलं आणि जीव भांड्यात पडला. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय.

आई, आधी तुला. दादासाठी तू शागोतीचा मसाला करून ठेवलायस, पण त्यात खसखस आहे. तुमचं विमान दुबईत बदलणार आणि तिथे खसखशीवर बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात बसवतात. बॅगेत चिमूटभरही नको. खसखस वगळून पुन्हा कर, तो मिटक्या मारतच खाईल. पेढे आणि तूपही घेऊ नकोस. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे, मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मानकुराद आंब्यांना सरकारी प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तेही इथेच खाऊन निघा. सुकं खोबरं पटकन पेट घेतं, म्हणून ते विमानात चालत नाही.

बाबा, तुमच्या पाठदुखीच्या गोळीत ट्रॅमाडॉल आहे. अमिरातीत ती परवानगीशिवाय नेली तर अडवतात. डॉक्टरांना सांगून या आठवड्यातच बदलून घ्या. बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा. डब्यात सुट्या करून अजिबात नकोत.

लिस्बन तसं शांत शहर आहे, नळाचं पाणीही बिनधास्त प्या. भीती आहे ती खिसेकापूंची. २८ नंबरच्या ट्राममध्ये पर्यटकांची खच्चून गर्दी असते आणि चोरांचं लक्ष तिथेच. पाकीट मागच्या खिशात नको. पासपोर्ट दादाच्या घरी कुलपात ठेवून सोबत झेरॉक्स घ्या. फुटपाथ छोट्या पांढऱ्या दगडांचे आहेत, वर्षानुवर्षं पावलं पडून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखे निसरडे होतात, आणि रस्ते सगळे चढ-उताराचे. आईच्या गुडघ्यांसाठी रबरी तळव्याचे बूट आजच घ्या, सपाता नकोत.

हॉटेलात बसल्या-बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी रागावत नाही.

समुद्राचं मात्र ऐका, बाबा. कोळव्याला पोहणारा माणूस तिथे पाणी बघून थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण अटलांटिक उन्हाळ्यातही गार असतो आणि ओढ जबरदस्त. लाल बावटा असला तर पाण्यात उतरायचं नाही, पिवळा असला तर पोहायचं नाही. हिरवा असेल तरच, आणि दादा किनाऱ्यावर असेल तरच.

काहीही झालं तर ११२ फिरवा. पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, सगळ्यांना हा एकच नंबर. व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा विमा आजारपणालाही आहे, त्याच्या कागदाची एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात ठेवा. तिथली घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. पोचलात की किती का वाजलेले असेनात, मला उठवा.

तुमची,
ताई